विटा उचलणाराच बाहेरचा कसा?

महापालिका निवडणुकीचा विषय निघाला की नागपुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पण तो इथला नाही.’ सिव्हिल लाइन्समधल्या कुणाबद्दल हे वाक्य निघत नाही. ते निघतं पारडी, कळमना, भरतवाडा अशा पूर्वेकडच्या वस्त्यांतल्या माणसाबद्दल. बिलासपूर, राजनांदगाव किंवा बालाघाटकडून तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इमारतीच्या कामावर आला. सकाळी ठिय्यावर उभं राहून मजुरी मिळवली, पुढे मिस्त्री झाला, जमलं तर लहानसा ठेकेदार झाला. बायको इथल्याच दवाखान्यात बाळंत झाली, मुलं इथल्याच शाळेत गेली. नळाला पाणी नाही, गडर तुंबली, रस्त्यावरचा दिवा गेला म्हणून झोन कार्यालयात चकरा मारणारा वस्तीत तोच. मग शेजारीपाजारी त्याला म्हणतात, तूच का उभा राहत नाहीस? त्याने ते मनावर घेतलं की पक्ष कार्यालयापासून पानठेल्यापर्यंत त्याच्या कामाची चौकशी कुणी करत नाही, गावाची करतात.

या आक्षेपाचं खंडन करायचं तर आधी तो पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे. आक्षेप घेणारे म्हणतात : महापालिका म्हणजे संसद नव्हे. संसदेत देशाचा विचार होतो, महापालिकेत गल्लीचा. आणि गल्ली ज्याने लहानपणापासून पाहिली त्यालाच ती कळते. बाहेरून आलेला आपल्या गाववाल्यांच्या मतांवर निवडून येणार आणि त्यांचंच पाहणार. त्याची मराठी मोडकी, म्हणून सभागृहातली मराठी मागे पडणार. आणि जागा तर मोजक्याच, १५१. त्यातली एक त्याला गेली की इथल्या एका पोराची गेली.

असं बोलणारे सगळे द्वेषाने बोलतात असं मी मानत नाही. मराठी माणूस आपल्याच शहरात मागे सरकेल ही भीती मुंबईने आपल्याला दिली आहे, आणि वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणाऱ्या मराठी कार्यकर्त्याला ऐन वेळी तिकीट नाकारलं जातं हेही रोजचं सत्य आहे. दुःख खरं आहे. त्याचा राग मात्र चुकीच्या माणसावर निघतो आहे.

‘इथला’ या दाव्यापासूनच सुरुवात करू. नागपूर शहर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या आरंभी. त्याची गादी देवगडची, आणि देवगड आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. आजच्या नकाशाने मोजायचं ठरवलं तर या शहराचा संस्थापकच परप्रांतीय ठरतो. रघुजी भोसल्यांनी इथे सत्ता बसवली ती काही दशकांनंतर. त्यांच्यामागून मराठी शिपाई आले, कारकून आले, पुरोहित आले, विणकर आले. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचं नागपूरपण त्या येण्यापासून सुरू होतं. इथे सर्वांत आधी कोण होतं, हा प्रश्न विचारायचा हक्क कुणाला असेल तर तो गोंडांना आहे; आणि ते हा प्रश्न विचारत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात हे येणं वाढलं. नवसारीला जन्मलेल्या जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू केली, तिचा कारभार बेझनजी मेहता या पारशी गृहस्थांनी सांभाळला. मोमिनपुऱ्यातल्या विणकरांचे पूर्वज उत्तरेकडून आले. वकिलीसाठी नागपुरात आलेले बंगाली गृहस्थ सर बिपिन कृष्ण बोस इथेच रुजले, आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले. ज्या विद्यापीठाची पदवी भिंतीवर लावून आपण अस्सल नागपूरकर म्हणवतो, त्याची घडी बसवणारा पहिला माणूस जन्माने बंगाली होता.

पण माझा मुख्य मुद्दा याहून जवळच्या काळातला आहे, आणि तो आपण सोयीने विसरलो आहोत. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी होती; आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची, स्वातंत्र्यानंतर त्याच प्रदेशाला मध्य प्रदेश म्हणू लागले तेव्हा त्याची. रायपूर, बिलासपूर, दुर्ग, बालाघाट, छिंदवाडा, जबलपूर हे सगळे जिल्हे या राजधानीला जोडलेले होते. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल रायपूरच्या राजकारणातून वर आलेले; नागपुरात बसून ते विदर्भाच्या आठ मराठी जिल्ह्यांचाही कारभार पाहत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या मैदानावर धम्मदीक्षा दिली, ते मैदान त्या दिवशी मध्य प्रदेशात होतं. त्यानंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना अमलात आली आणि बिलासपूरचा माणूस आपल्याच राजधानीत परका झाला. तो जागचा हलला नव्हता. सरहद्द हलली होती. बिलासपूरहून राजनांदगाव-गोंदियामार्गे नागपूरला येणारी रेल्वे तशीच धावत राहिली, त्याच डब्यांतून त्याच गावांची माणसं त्याच कामासाठी येत राहिली. ज्या शहराला पिढ्यानपिढ्या तो आपलं मोठं शहर मानत आला, तिथे आज त्याच्या नातवाला परप्रांतीय म्हणायचं असेल, तर त्या शब्दामागे इतिहास नाही.

कायदाही या आक्षेपाच्या बाजूने नाही. देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा अधिकार संविधानाच्या एकोणिसाव्या कलमाने दिला आहे. महापालिकेच्या उमेदवाराचं नाव त्या शहराच्या मतदार यादीत हवं आणि त्याची वयाची २१ वर्षं पूर्ण झालेली हवीत. जन्मगावाची अट नाही, इतकी वर्षं राहिलं पाहिजे अशीही नाही. ज्या संविधान सभेने हे लिहिलं, तिच्यात खुद्द बाबासाहेब १९४६ मध्ये निवडून गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर. मुंबई प्रांतातून त्यांना वाट मिळत नव्हती. महूला जन्मलेला, मुंबईत वाढलेला हा माणूस आमचा कोण, असं बंगालच्या त्या आमदारांनी म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार दीक्षाभूमीच्या शहराने तरी करायला हवा.

आता जो आक्षेप सर्वांत वजनदार समजला जातो तो घेऊ : बाहेरच्याला गल्ली कळत नाही. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षं, शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. प्रशासक म्हणजे भारतीय प्रशासन सेवेतला अधिकारी. तो देशाच्या कोणत्याही राज्यातून येतो आणि दोन-तीन वर्षांत बदली होऊन जातो. अर्थसंकल्प त्यानेच केला, त्यानेच मंजूर केला. या चार वर्षांत ‘तो इथला नाही’ ही हाकाटी कुणी केली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या, तेव्हा ज्याचं दार ठोठवावं असा एकही नगरसेवक शहरात पदावर नव्हता. दोन वर्षांसाठी आलेल्या अधिकाऱ्याकडे सगळं शहर निर्धास्त सोपवता येतं, आणि वीस वर्षं इथे राहून लेकरं वाढवणाऱ्याला एका प्रभागाचा चौथा वाटाही देता येत नाही, हे कोणत्या न्यायात बसतं?

आणि गल्ली कळणं म्हणजे काय? गडर कुठे तुंबते, हे ज्याच्या घरात तिचं पाणी शिरतं त्याला कळतं. रात्री नळ कधी येतो ते, त्यासाठी जी बाई जागी राहते तिला ठाऊक असतं. नागपूर सुधार प्रन्यासाचं नियमितीकरणाचं पत्र, गुंठेवारीची फाइल, झोपडपट्टीतला मालकी पट्टा या कागदांचे हेलपाटे ज्याने घातले, त्याला या शहराच्या कारभाराची जेवढी माहिती असते तेवढी धरमपेठेत जन्मलेल्या माझ्यासारख्याला नसते. स्थलांतरित आईबापांना तर शहर जास्तच नीट शिकावं लागतं, कारण त्यांच्या मदतीला इथे काका-मामा नसतात. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी कोणता दाखला लागतो, लस कुठल्या दिवशी मिळते, मेयो रुग्णालयात केसपेपर कुठे काढायचा, हे त्यांनी दारोदार विचारून घेतलेलं असतं. नगरसेवकाकडे लोक नेमकं हेच विचारायला येतात.

गाववाल्यांच्या मतांचा आक्षेप थोडक्यात उडवून लावण्याजोगा आहे. आपापल्या समाजाचे मेळावे न घेणारा मराठी उमेदवार मला दाखवा. शिवाय आजच्या प्रभागरचनेत ते गणितच बसत नाही. नागपुरात ३८ प्रभाग आहेत, त्यांतले ३७ चार-चार सदस्यांचे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती, म्हणजे एका प्रभागात ६० हजारांहून अधिक माणसं येतात. एवढ्या मोठ्या प्रभागात नुसत्या गाववाल्यांच्या जोरावर कोण निवडून येईल? त्याला कोष्टी, तेली, बौद्ध, मुसलमान, सगळ्यांच्या दारी जावंच लागतं. यातला एक भाग मात्र मी मान्य करतो. ज्याचं नाव गावच्या यादीतही आहे आणि इथल्याही, त्याने उमेदवारीचं नाव काढू नये. एका माणसाचं नाव एकाच यादीत, हा नियम आहे आणि तो काटेकोर पाळला गेला पाहिजे. जानेवारीच्या निवडणुकीत संभाव्य दुबार नावांपुढे राज्य निवडणूक आयोगाला दोन तारे छापावे लागले, ही लाजेची गोष्ट आहे. होळीला गावी जाऊन तिथे मत देणारा हंगामी मजूर आणि गावचं नाव कमी करून इथे घर केलेला बाप, या दोघांत फरक आहे. मी दुसऱ्याबद्दल बोलतो आहे.

आता खरं मूळ. ‘बाहेरचा’ ही उपाधी आपण सर्वांना सारखी लावत नाही. बनवारीलाल पुरोहित यांचा जन्म राजस्थानातल्या नवलगडचा. १९७८ मध्ये ते पूर्व नागपुरातून आमदार झाले, आणि पुढे याच शहराने त्यांना १९८४, १९८९ आणि १९९६ अशा तीन वेळा लोकसभेत पाठवलं, तेही दोन वेगवेगळ्या पक्षांकडून. नागपूरने त्यांना आपलं मानलं, आणि योग्यच केलं. फाळणीनंतर सिंधमधून उजाड होऊन आलेली कुटुंबं जरीपटक्यात वसली. त्या समाजातून नगरसेवक झाले, स्थायी समितीच्या अध्यक्षपदापर्यंत माणसं पोहोचली. त्यांना आज कोण बाहेरचं म्हणतं? इतवारीतल्या गुजराती पेढ्या, मारवाडी सराफ, पंजाबी हॉटेलवाले यांच्याकडे आपण जन्मगावाचा दाखला मागत नाही. मागू नयेच. पण मग तो विटा उचलणाऱ्याकडेच का मागायचा? जो पूर्व भाग पुरोहितांच्या मागे उभा राहिला, त्याच भागात छत्तीसगडी मिस्त्री ‘परका’ का ठरतो? या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते कटू आहे : परकेपणा आपण गावावरून ठरवत नाही, ऐपतीवरून ठरवतो. ज्याच्याकडे दुकान आहे तो नागपूरकर होतो. ज्याच्याकडे घमेलं आहे तो कायमचा पाहुणा राहतो.

देशाबाहेरून आलेल्यांच्या बाबतीतही नागपूरचं मन एरवी मोठं राहिलं आहे. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई जपानहून आले, इथल्या बौद्ध जनतेत मिसळले, भारताचे नागरिक झाले, दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचे अध्यक्ष झाले आणि राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगावरही गेले. पाकिस्तानातून येणारी सिंधी हिंदू कुटुंबं आजही इथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. २०१६ मध्ये अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार केंद्राने देशातल्या मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत नागपूरचे जिल्हाधिकारी होते. या कुटुंबांतल्या एखाद्या आईने नागरिक झाल्यावर उद्या जरीपटक्यातून अर्ज भरला तर तो वैध ठरेल, आणि मी तिचं स्वागत करीन. कराचीहून आलेली आई चालते, मग छत्तीसगडमधल्या कवर्ध्याहून आलेली का चालू नये?

मराठीचा प्रश्न मात्र मला हलका करायचा नाही. माझ्या मते नगरसेवकाला मराठी वाचता, समजता आणि बोलता आलीच पाहिजे. महापालिकेचा कारभार मराठीत चालतो. ज्याला विषयपत्रिका वाचता येत नाही तो प्रशासनाच्या हातचं बाहुलं होतो, आणि त्यात नुकसान त्याच्याच मतदारांचं. पण ही जबाबदारी पदाची आहे, उमेदवारीचं फाटक बंद करायची कडी नव्हे. निवडून आलेल्या प्रत्येकाला, गरज असेल तर, पहिल्या सहा महिन्यांत महापालिकेने मराठी शिकवावी. मराठी नगरसेवकांनाही अर्थसंकल्प वाचायला शिकवावं, त्याचीही तेवढीच गरज आहे. आणि खरं सांगायचं तर या शहरातली मराठी कोणी मागे सारली? हिंदीत भाषण केलं की टाळ्या जास्त पडतात म्हणून हिंदीत बोलणारे मराठी पुढारी आपण डोक्यावर घेतले. महापालिकेच्या मराठी शाळा ओस पडल्या त्या छत्तीसगडी मजुरांमुळे पडल्या नाहीत. आपण आपली मुलं तिथून काढली म्हणून पडल्या. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. म्हणजे त्या मिस्त्रीची मुलगी हिंदी शाळेत असली तरी मराठी शिकते आहे, आणि घरी आलेलं महापालिकेचं पत्र बापाला वाचून दाखवते आहे. मराठी वाढते ती अशी.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीबद्दल निकाल दिला. मराठीच्या खाली उर्दूतही नाव लिहिलं होतं, म्हणून खटला तिथवर गेला होता. न्यायालयाने उर्दू राहू दिली. मराठी वर होती, ती वरच राहिली. विदर्भात आपण असेच राहत आलो आहोत, आणि मराठीला त्याने धोका झालेला नाही.

आपल्या माणसांनी परदेशात हेच केलं तेव्हा आपण काय केलं, तेही आठवून पाहावं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार अमेरिकेत गेले, मिशिगनच्या विधिमंडळात निवडून आले आणि २०२३ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये आहेत. त्यांचं मराठी आत्मचरित्र आपल्या घराघरांत वाचलं गेलं. मालवण तालुक्यातल्या वराडहून गेलेल्या डॉक्टरचा मुलगा लिओ वराडकर डब्लिनजवळच्या फिंगल कौंटी कौन्सिलपासून सुरुवात करून २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तेव्हा वराडला आनंद झाला आणि महाराष्ट्रालाही. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत अमेरिकेच्या नागरिक झाल्यावर तीनच वर्षांत, २०१३ मध्ये, सिअ‍ॅटल नगर परिषदेवर निवडून आल्या, आणि २०२३ मध्ये त्यांच्याच ठरावामुळे जातिभेदावर बंदी घालणारं सिअ‍ॅटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. सिअ‍ॅटलच्या मूळ रहिवाशांना जातीचं दुखणं दिसलंच नसतं. बाहेरून आलेल्या बाईने ते दाखवलं. आयर्लंडने तर स्थानिक निवडणुकांत नागरिकत्वाचीही अट ठेवलेली नाही. नायजेरियातून आश्रय मागायला आलेले रोटिमी अदेबारी तिथे चार वर्षांत नगरसेवक झाले आणि २००७ मध्ये पोर्टलीश गावाचे महापौर. तिथे आपल्या पोरांना हे दार उघडं मिळावं असं वाटत असेल, तर इथे आपल्या हातातलं दार आपण बंद करू शकत नाही.

आता मंडनाचा अवघड भाग. नुसतं ‘येऊ द्या’ म्हणून भागत नाही, कारण लोकांच्या नजरेआधी कायद्याच्याच काही चाळण्या या माणसाला गाळून टाकतात.

पहिली चाळणी अपत्यांची. सप्टेंबर २००१ नंतर ज्याला तिसरं मूल झालं, तो महाराष्ट्रात नगरसेवक होऊ शकत नाही. आमदाराला ही अट नाही, खासदाराला नाही, मंत्र्यालाही नाही. फक्त गावच्या आणि शहराच्या प्रतिनिधीला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाच्या अशाच तरतुदीला वैध ठरवलं हे मला माहीत आहे. पण वैध असलेली प्रत्येक गोष्ट न्याय्य असते असं नाही. हरियाणाने ती नंतर स्वतःच काढून टाकली, मध्य प्रदेशाने काढली, आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये काढली. महाराष्ट्र अजून कवटाळून बसला आहे. दवाखाना दूर, मजुरी रोजची, मुलगा व्हावा म्हणून सासरचा दबाव, अशा घरात तिसरं मूल होतं. आणि शिक्षा बहुतेक वेळा त्या बाईला होते जिने निर्णय घेतलाच नव्हता. महापालिकेच्या निम्म्या जागा महिलांना राखून ठेवायच्या आणि जिने तीन लेकरं याच शहरात वाढवली तिला दारातूनच परत पाठवायचं, हे मला असह्य वाटतं. शाळा, दवाखाना, पाणी, महापालिकेच्या या तिन्ही सेवांवर तिच्याइतकं कुणाचंही घर अवलंबून नाही.

दुसरी चाळणी घराची. उमेदवाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने अनधिकृत बांधकाम केलं असेल तर तो अपात्र ठरतो. बिल्डरसाठी केलेला नियम म्हणून तो उत्तम आहे. पण ज्या शहराने मजुराला अधिकृत घर कधी दिलंच नाही, तिथे झोपडपट्टीतल्या पत्र्याच्या वाढीव खोलीलाही तोच नियम लागू होतो. ज्या वस्तीत पट्टेवाटप अडलेलं आहे, तिथे तरी तो सैल केला पाहिजे.

तिसरी चाळणी जातीच्या दाखल्याची, आणि इथे शांतपणे बोलायला हवं. छत्तीसगडमधून नागपुरात आलेल्यांत सतनामी समाज मोठा आहे. सतनामी हे नाव छत्तीसगडच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, तसंच महाराष्ट्राच्याही यादीत आहे. तरीही महाराष्ट्रात राखीव जागेवर उभं राहायचं तर १० ऑगस्ट १९५० रोजी आपला वाडवडील या राज्याच्या हद्दीत राहत होता, हे सिद्ध करावं लागतं. त्यानंतर आलेला, आणि त्याचं इथे जन्मलेलं मूलही, दुसऱ्या राज्याचंच धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून हीच भूमिका घेतली आहे. त्यामागचं कारण मी नाकारत नाही. एका राज्यातल्या वंचितांच्या जागा दुसऱ्या राज्यातून आलेल्यांनी घेऊ नयेत ही चिंता रास्त आहे, आणि नागपूरच्या बौद्ध, मातंग, चर्मकार, मेहतर वस्त्यांतल्या तरुणांचा हक्क कमी व्हावा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण १० ऑगस्ट १९५० रोजी बिलासपूरचा सतनामी आणि नागपूरचा महार एकाच राज्यात, एकाच राजधानीखाली राहत होते. सहा वर्षांनी सरहद्द त्यांच्यामधून गेली. बिहारमधून झारखंड वेगळा झाल्यावर असाच पेच पडला, तेव्हा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंकज कुमार खटल्यात सांगितलं की असा माणूस दोहोंपैकी एका राज्यात आरक्षण मागू शकतो, दोन्हीकडे नाही. त्या निकालाचा पाया बिहार पुनर्रचनेच्या कायद्यात आहे, तो नागपूरला जसाच्या तसा लागत नाही. मात्र त्यातला न्याय आपल्याकडेही पोहोचावा, यासाठी विधिमंडळात कुणी बोलायला हवं. जुन्या मध्य प्रांताच्या जिल्ह्यांतून आलेल्या, इथे दोन पिढ्या राहिलेल्या आणि मूळ राज्यातला दावा लेखी सोडून देणाऱ्या कुटुंबाला इथे दाखला मिळावा, एवढी ती मागणी आहे.

तोवर वाट उरते ती खुल्या जागांची, आणि ती राजकीय पक्षांच्या हातात आहे. २०१७ मध्ये नागपूर महापालिकेत १५१ पैकी फक्त एक अपक्ष निवडून आला होता. चार सदस्यांच्या प्रभागात पक्षाचं चिन्ह नसलेला माणूस निवडून येणं जवळपास अशक्य आहे, याला दुसरा पुरावा नको. भाजप असो, काँग्रेस असो की बसप, सभांना माणसं हवी असली की ट्रॅक्टर पारडी-कळमन्याकडेच वळतात. तीच माणसं उमेदवारीच्या यादीत शोधली तर विरळाच सापडतात. छठपूजेला नेते घाटावर येतात, गुरू घासीदास जयंतीला हार घालतात, छत्तीसगडीत दोन वाक्यंही बोलतात. मग खुल्या जागेसाठी याच वस्तीतून एक बाई का निवडत नाहीत? तिला मराठी येते. तिने बचत गट चालवला आहे. जलप्रदाय विभागाचा अभियंता तिला नावाने ओळखतो. आणि ज्या मराठी कार्यकर्त्याचं तिकीट कापलं जातं, ते तिच्यासाठी कापलं जात नाही. ते पैसेवाल्यासाठी, पुढाऱ्याच्या पुतण्यासाठी, कालच पक्षात आलेल्यासाठी कापलं जातं. त्या कार्यकर्त्याचं आणि तिचं भांडण नाही. दोघांनाही एकाच टेबलावरून परत पाठवलं जातं, आणि त्या दोघांनी मिळून त्या टेबलावर जाऊन जाब विचारायला हवा.

२००५ च्या आसपास इथे जन्मलेली त्या मजुरांची पहिली मुलं आता एकवीस वर्षांची झाली आहेत. या शहराखेरीज त्यांना दुसरं गाव ठाऊक नाही. आजोबांच्या गावी ती लग्नाकार्यापुरती जातात आणि तिथले लोक त्यांना ‘नागपुरिया’ म्हणतात. त्यांची नावं आता मतदार यादीत येत आहेत. पुढच्या महापालिका निवडणुकीत ती उमेदवारी मागायला येतील, आणि त्यांच्या आईवडिलांना जे विचारलं ते त्यांना विचारून आता चालणार नाही.